सरासरी भाव कुणाला मिळतो?

दिवाळीच्या सेलमध्ये भाच्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "मामा, शहाण्णव आहेत ह्याला. शंभरपैकी."

गेम होता बाल्डर्स गेट ३. ऑगस्ट २०२३ मध्ये आला, जगभरच्या समीक्षकांनी डोक्यावर घेतला आणि मेटाक्रिटिक या समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर त्याची सरासरी ९६ झाली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गेम खरोखर मोठा आहे. पण भाचा नाशिकच्या इंदिरानगरात राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला आवडतं काय, तर क्रिकेट, गाड्या आणि दणादण गोळीबार. बाल्डर्स गेटमध्ये चार जणांची टोळी घेऊन फिरायचं, भेटेल त्या माणसाशी लांबलचक इंग्रजीत बोलायचं, आणि कुलूप उघडणार की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरणार. लढाई बुद्धिबळासारखी, एकदा त्यांची खेळी, एकदा आपली. वर दीडशे जीबी मोकळी जागा लागते, तीही एसएसडीवर, म्हणजे लॅपटॉपच्या वेगवान डिस्कवर. भाच्याच्या लॅपटॉपची अख्खी एसएसडी अडीचशे जीबीची, त्यातली निम्मी कॉलेजच्या सॉफ्टवेअरने भरलेली. घरी वायफाय नाही, फोनचा रोजचा दीड जीबी. दीडशे भागिले दीड, हिशोब तुम्हीच करा.

"तू हा खेळणार आहेस का?" मी विचारलं.

"मामा, शहाण्णव आहेत!"

आमचे सासरे निफाड तालुक्यातले, कांदावाले. लासलगावचा भाव पेपरात येतो तो तीन आकड्यांत: किमान, कमाल, सरासरी. सासरे पहिले दोन वाचतात आणि पेपर घडी करून ठेवतात. तिसरा वाचत नाहीत. का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "सरासरी भाव कुणाला मिळत नसतो." ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत लागला की व्यापारी वरचा कांदा बघत नाही, हात खाली घालून आतला काढतो. दाबतो, ओल बघतो, पत्ती बघतो. डबल पत्तीच्या चांगल्या उन्हाळ कांद्याला कमालच्या जवळचा भाव, बारीक गोल्टी कांद्याला किमान. सरासरी ही बाजार समितीच्या कागदावर जन्मते आणि तिथेच राहते. तुमचा माल कोणता, हे तिला माहीत नसतं.

गेमच्या गुणांबद्दल आपल्याकडे जो वाद होतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. एक बाजू म्हणते, समीक्षक विकाऊ आहेत. दुसरी म्हणते, कलाकृतीला आकडा देणंच अडाणीपणा. मला दोन्ही पटत नाहीत. एखाद्या माणसाने गेम खेळून दहापैकी सात दिले तर त्यात वाईट काही नाही. तो माणूस कोण, त्याला काय आवडतं, मागच्या वेळी त्याने कशाला नऊ दिले होते, हे माहीत असेल तर त्या साताला अर्थ येतो. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. साठ-सत्तर माणसांचे सात, नऊ, चार, साडेआठ एका पातेल्यात घालून ढवळले की जो आकडा हाती येतो, त्याच्यामागे कुणीच उभं नसतं. आणि बाजार नेमका त्याच आकड्यावर चालतो.

हे पातेलं कसं ढवळलं जातं तेही पाहण्यासारखं आहे. मेटाक्रिटिक सुरू झालं जानेवारी २००१ मध्ये. कुणी पाच तारे देतो, कुणी दहापैकी गुण, कुणी अक्षरी श्रेणी. ते सगळं शंभरात बदललं जातं. बी-मायनसचे होतात ६७. कुठल्याही मास्तरांना विचारा, बी-मायनस देताना त्यांच्या डोक्यात सदुसष्ट असतात का! मग काही प्रकाशनांना जास्त वजन आणि काहींना कमी, आणि कुणाचं वजन किती हे जाहीर केलं जात नाही. लासलगावात मापाडी काट्यावर पडदा टाकून वजन सांगायला लागला तर दुपारपर्यंत रास्ता रोको होईल.

त्याच संकेतस्थळावर चित्रपटाला ६१ मिळाले की हिरवा रंग, म्हणजे "बहुतेकांना आवडला". गेमला हिरवा व्हायला मात्र ७५ लागतात. म्हणजे गेमचे गुण फुगलेले आहेत हे गुण मोजणाऱ्यांनीच कबूल करून टाकलंय. दहावीच्या निकालासारखी गत. आमच्या वेळी पंचाहत्तर टक्के मिळाले की डिस्टिंक्शन म्हणून पेढे वाटायचे. आता पंचाऐंशीवाल्याची आई शेजाऱ्यांना टाळते. गेमच्या जगात सत्तर म्हणजे नापास, ऐंशी म्हणजे "बरा आहे" आणि नव्वदच्या वर गेलं तरच मुलं मान वर करून बघतात. शंभर पायऱ्यांचा जिना, त्यातल्या वरच्या तीसच वापरात.

आता एक उदाहरण, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. २०१० मध्ये डेडली प्रिमोनिशन नावाचा एक जपानी गेम आला. एफबीआयचा एक तऱ्हेवाईक अधिकारी एका अमेरिकन खेड्यात खुनाचा तपास करतो. चित्रं दहा वर्षं जुनी वाटावीत अशी, गोळीबार अवघडलेला, गाडी चालवणं म्हणजे शिक्षा. आयजीएन या गेमच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी दोन दिले. डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाने दहापैकी दहा.

दोघांनी दोन वेगवेगळे गेम खेळले नव्हते. दोष दोघांनाही सारखेच दिसले होते. एकाला ते दोष गेम मोडणारे वाटले, दुसऱ्याला त्या वेडेपणाचाच भाग वाटले, आणि त्याला त्या अधिकाऱ्याचा लळा लागला. हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले तर वाचकाला दहा मिनिटांत कळतं की हा गेम आपल्यासाठी आहे की नाही. मेटाक्रिटिकवर सगळ्या समीक्षकांची सरासरी काढली तर येतात अडुसष्टच्या आसपास. अडुसष्टचा डेडली प्रिमोनिशन जगात कुणीही खेळलेला नाही. ज्याने खेळला त्याला तो दोनचा तरी वाटला, नाहीतर दहाचा. अडुसष्ट वाचून जो "ठीकठाक असेल" म्हणून पुढे गेला, त्याच्यापर्यंत या गेमची एकमेव खरी बातमी पोचलीच नाही: हा ठीकठाक सोडून बाकी सगळं आहे.

जपानमध्ये फामित्सू मासिक याहून शहाणपणाने वागतं. चार समीक्षक एकच गेम खेळतात, प्रत्येकाचे दहापैकी गुण वेगळे छापतात, सोबत प्रत्येकाचं छोटं मत. बेरीज चाळीस. १९९८ साली झेल्डाच्या ऑकरिना ऑफ टाइमला पहिल्यांदा चाळीसपैकी चाळीस पडले. लोक बेरीजच लक्षात ठेवतात, हे खरं. पण ज्याला बघायचंय त्याला ९, ९, ८, ५ दिसतात आणि तो पाचवाला काय म्हणतोय हे शोधता येतं. किमान, कमाल, दोन्ही हजर.

सरासरीने वाचणाऱ्याचं फार तर एका गेमच्या किमतीचं नुकसान होतं. बनवणाऱ्याचं जास्त होतं. फॉलआउट: न्यू व्हेगास २०१० मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीच्या करारात बोनसची अट होती: मेटाक्रिटिकवर ८५. मिळाले ८४. ही गोष्ट ऑब्सिडियनच्या क्रिस अव्हेलोनने २०१२ मध्ये स्वतःच सांगितली. गेममध्ये बग होते, तो अडकायचा, समीक्षकांनी गुण कापले ते त्यांच्या जागी बरोबरच होतं. पण कुठल्याही समीक्षकाने "यांचा बोनस कापा" असं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी आपल्या वाचकाला सल्ला दिला होता. तो सल्ला उचलून कुणीतरी मजुरीच्या हिशोबात घातला. आज त्या मालिकेतला सर्वांत चांगला भाग कोणता असं विचारलं तर न्यू व्हेगासचं नाव घेणारे पैशाला पासरी सापडतील. एका गुणाने हुकलेला बोनस त्यामुळे परत येत नाही.

विकाऊपणाचं काय? तसं घडलेलंच नाही असं कुणी म्हणू नये. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाचा समीक्षक जेफ गर्स्टमन याची नोकरी गेली. त्याने केन अँड लिंच या गेमला दहापैकी सहा दिले होते, आणि त्याच गेमच्या जाहिराती संकेतस्थळभर लागलेल्या होत्या. जाहिरातदाराच्या दबावाचा त्याच्याशी संबंध होता हे २०१२ मध्ये त्याने उघड बोलून दाखवलं. असं असूनही मला वाटतं, विकाऊपणाचा आरोप हा आळशी माणसाचा आरोप आहे. बहुतेक समीक्षक प्रामाणिकच असतात. अडचण अशी की ते प्रामाणिकपणे त्यांच्या परिस्थितीतून लिहितात, आणि ती आपली परिस्थिती नसते. गेम त्यांना फुकट आणि आधी मिळतो. टेबलाखाली ताकदवान मशीन असतं. इंग्रजी घरचं असतं. एम्बार्गो, म्हणजे परीक्षण छापण्यावरची कंपनीची बंदी, संपायच्या आत लेख द्यायचा असतो, म्हणून चाळीस तासांचा गेम आठवड्यात उरकतात. नव्या मोठ्या गेमला आपल्याकडे चार-पाच हजार मोजावे लागतात, म्हणजे काही घरांत महिन्याचा किराणा. तो माणूस तो पैसा मोजतच नाही. मग त्याच्या गुणांत तो पैसा येणार कुठून?

सायबरपंक २०७७ या गेमची कथा खेळणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, पण तिचा हा भाग विसरला जातो. १० डिसेंबर २०२० ला गेम बाजारात आला. त्याआधी समीक्षकांना मिळाली फक्त पीसीवरची प्रत, आणि स्वतः रेकॉर्ड केलेली दृश्यं दाखवायला बंदी. पीसीवर सरासरी नव्वदीच्या घरात. मग लोकांनी तो जुन्या प्लेस्टेशन ४ वर लावला आणि चेहरे उशिरा उमटू लागले, गाड्या जमिनीत रुतू लागल्या, गेम बंद पडू लागला. आठवडा-दहा दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, पैसे परत दिले. तो परत दुकानात यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. आज बघाल तर पीसीचे ८६ आणि पीएस४ चे ५७ दिसतात. ज्या दिवशी पैसे मोजायचे होते त्या दिवशी ५७ हा आकडा अस्तित्वातच नव्हता.

समीक्षक खोटं बोलले का? नाही. त्यांनी त्यांच्या मशीनवरचं खरं सांगितलं. कमाल भाव छापला आणि किमान छापायचा राहिला. आणि नाशिकमध्ये कोणाकडे काय आहे? पाच वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, कुणाकडून सेकंडहँड घेतलेला जुना कन्सोल, आणि बाकी सगळ्यांकडे फोन. म्हणजे आपण बहुतेक सगळे किमानवाले.

फोनचा विषय तर समीक्षकांनी जवळजवळ ऑप्शनलाच टाकलाय. सातपूर-अंबडला शिफ्ट सुटल्यावर बसस्टॉपवर माना खाली घालून उभी असलेली पोरं जे खेळतात त्यावर गंभीर परीक्षण शोधून दाखवा. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय २०२१ च्या जुलैत आला, पुढच्या जुलैत गायब झाला, २०२३ च्या मेमध्ये परतला. एवढं रामायण झालं, सरकार बोललं, टीव्ही बोलला, पालक बोलले, पण हा गेम *गेम म्हणून* कसा आहे, त्यातला पैसे काढणारा भाग कुठे सुरू होतो, यावर मराठीत चार परिच्छेद धड सापडत नाहीत. उरतात प्ले स्टोअरचे तारे. तारे कसे पडतात याचा एक किस्सा: २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी पसरली, आपले देशभक्त चवताळले, आणि कित्येक जण एक तारा देऊन आले ते स्नॅपडील या खरेदीच्या अ‍ॅपला. नाव जवळपास सारखं होतं ना!

खेळाडूंच्या गुणांवरही म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायला मी तयार नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट २ जून २०२० मध्ये आला. समीक्षकांची सरासरी ९३, आणि काही तासांत खेळाडूंचे दहापैकी साडेतीनही नाहीत. त्या काही तासांत तो गेम पुरा खेळून होणंच शक्य नव्हतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने खेळाडूंना पहिले ३६ तास गुण देण्यावर बंदी घातली. पण झुंडीचा राग दर वेळी खोटाच असतो असंही नाही. मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ पीसीवर खेळायला सोनीचं खातं सक्तीचं करायचं ठरलं. अनेक देशांत ते खातं उघडायची सोयच नव्हती. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक मतांचा पाऊस पडला आणि दोन-तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. तो मोर्चा होता, परीक्षण नव्हतं. मोर्चाने रस्ता मिळतो, नाटक कसं होतं ते कळत नाही.

स्टीमची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तिथे अंगठा वर किंवा खाली, आणि शेजारी त्या माणसाने किती तास खेळलाय तो आकडा. चारशे तास खेळून "घेऊ नका" लिहिणारा माणूस भेटला की मी तो रिव्ह्यू शेवटपर्यंत वाचतो. त्याचा संसार मोडलाय, तो खरं बोलणार.

भाच्याचा मुद्दा मी टाळत नाही. तो म्हणाला, "मामा, वर्षाला हजारो गेम येतात. मी प्रत्येकाचे तीस-तीस रिव्ह्यू वाचू का?" बरोबर आहे. स्टीमवर वर्षाला दहा हजारांहून जास्त गेम येतात, चाळणी हवीच. आणि तळाशी सरासरी चांगलं काम करते: ज्याला सगळ्यांनी मिळून ३५ दिले तो बहुधा खरोखरच नासका असतो. नासका कांदा ओळखायला व्यापारी लागत नाही. प्रश्न ६५ ते ९६ च्या मधला आहे. तिथे आकडा गप्प बसतो, आणि आपल्याला वाटतं तो बोलतोय.

मला राहून राहून राज्य नाट्य स्पर्धा आठवते. नाशिक केंद्राची प्राथमिक फेरी सुरू झाली की रोज एक नाटक, थंडीत शाली घेऊन बसलेली तीच ती मंडळी, आणि मध्यंतराच्या चहाला खरी समीक्षा. निकाल लागला की भांडणं. पण त्या भांडणात एक अक्कल असायची. परीक्षक तीन आहेत हे माहीत, तिघांची नावं माहीत. "ते संहितेवाले आहेत, त्यांना नेपथ्य दिसतच नाही." "त्या बाई अभिनय बघतात, बाकी सगळं माफ करतात." पहिला नंबर कुणाला मिळाला याइतकंच तो कुणी दिला हेही बोललं जायचं. कुसुमाग्रजांच्या आणि कानेटकरांच्या गावात नाटकाबद्दल असं बोलायची भाषा दोन-तीन पिढ्यांनी घडवली. गेमबद्दल बोलायची भाषा आपण घडवायलाच घेतली नाही. आपल्याकडे खेळणारे आहेत, लाईव्ह खेळून दाखवणारे आहेत, आरडाओरडा करणारे तर भरपूर आहेत. बसून सांगणारा नाही.

पुण्यात बनलेला राजी आठवून बघा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने केला, २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, आणि तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, तेही एकमेकांशी बोलत, मतभेद करत. परदेशी समीक्षकांचं साधारण म्हणणं: दिसायला सुंदर, लढाई कच्ची, चार-पाच तासांत संपतो. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण दुर्गा नि विष्णू यांच्यातलं बोलणं आपल्या कानाला कसं वाटतं, ते कीर्तनातल्यासारखं वाटतं की टीव्ही मालिकेतल्यासारखं, कथा सांगायची ही पद्धत कुठून आली आणि कुठे फसली, हे त्यांनी सांगावं ही अपेक्षाच चुकीची. ते आपण सांगायचं होतं. आपण काय केलं, तर "भारतीय गेम आहे, सपोर्ट करा" म्हणून पाच तारे दिले, किंवा त्यांची सरासरी बघून पुढे गेलो. पाच तारे देणं हाही न बोलण्याचाच एक प्रकार आहे.

मराठीत गेमचं परीक्षण लिहिणाऱ्याने काय सांगावं, असं मला कुणी विचारलं तर माझ्या मागण्या फार किरकोळ आहेत. इंग्रजी किती लागतं, आणि न कळलं तर अडतं का. लाईट गेली तर कुठून सुरू करावं लागतं. एल्डन रिंगलाही ९६ आहेत, पण त्याला नीट पॉजचं बटण नाही. ज्या घरात आई दर दहा मिनिटांनी हाक मारते तिथे ही माहिती ग्राफिक्सपेक्षा महत्त्वाची. नेट नसताना चालतो का. लॅपटॉप किती तापतो. धाकटी बहीण शेजारी बसलेली चालेल का. डिस्क घेतली तर परत किती रुपयांना जाईल. आणि सगळ्यात वर, लिहिणाऱ्याने आपली आवड उघड सांगावी: मी गोष्टीसाठी खेळतो, मी जिंकण्यासाठी खेळतो, मी रात्री झोप येत नाही म्हणून खेळतो. मग खुशाल सात द्या, नऊ द्या, दोन द्या. सही तुमची असली पाहिजे.

बाल्डर्स गेट घेतला नाही. शेवटी भाच्याने राजी घेतला, सेलमध्ये, आणि शनिवार-रविवारात संपवला. सोमवारी त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्याने जे टाकलं ते त्याने मलाही पाठवलं: "मस्त दिसतो. लॅपटॉप तापतो, खाली वही ठेवा. उडी मारायच्या जागी दहादा पडलो, त्यात माझी चूक पाचदा. फायटिंग नंतर तेच तेच. दुर्गाचा आवाज आईला आवडला, ती ऐकत बसली होती. शेवट अर्धवट वाटला, राग आला. ६.५, पण आई म्हणते ८."